भरती, उघाडी आणि आमच्या सेक्टरातलं 'गटाराचं तळं'

मिठागर | रविवार, सकाळी १०:२५

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊनच बसा.

वाशीत तळमजल्यावर राहतो. वडिलांना सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या महामंडळाच्या, सोडतीत घर लागलं तेव्हा लोकल अजून खाडी ओलांडून आली नव्हती, मानखुर्दला उतरून बस धरायची. म्हणजे १९९२ च्या आधीची गोष्ट. इतक्या वर्षांत पाणी उंबऱ्यापर्यंत दोनदाच आलं. एकदा २६ जुलै २००५ ला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्यांदा गेल्या श्रावणात, आणि ते मला अजून पचलेलं नाही.

अमावास्येची रात्र. संध्याकाळपासून धो धो, पण साडेदहाला पाऊस जवळजवळ थांबला. आम्ही निर्धास्त झोपलो. बाराला वॉचमनने बेल वाजवली, "साहेब, मीटर रूममध्ये पाणी आलंय." पाऊस थांबून दीड तास झालेला, आणि पाणी चढतंय! आम्ही चार-पाच जण मोबाइलचे टॉर्च लावून पायऱ्या मोजत उभे. एक वाजता दुसरी पायरी गेली. दोनच्या सुमारास पाणी उंबऱ्याला टेकलं, तिथेच घुटमळलं, आणि मग मोरीचा बोळा काढावा तसं तासा-दीड तासात उतरून गेलं.

सकाळी पार्किंगमधल्या गाळात एक निवटी उड्या मारत होती. खाडीच्या चिखलातला जीव तो, पावसाच्या पाण्याबरोबर कुठून येणार?

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. थोडं वाचलं, थोडं जुन्या लोकांना विचारलं. नवी मुंबईतले बरेच सेक्टर मिठागरं, खाजणं आणि भातशेती बुजवून उभे आहेत, आणि त्यातले काही भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. सिडकोला हे पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. नाल्याचं पाणी थेट खाडीत न सोडता आधी तलावात घ्यायचं आणि तलावाच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी दारं लावायची. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानेच ती बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. महापालिकेच्या हद्दीत असे अकरा तलाव आहेत. आमच्याकडच्याला लोक 'गटाराचं तळं' म्हणतात आणि नाक दाबून पुढे जातात. मीही जायचो.

समुद्र वर येतोय, पाऊस तासाभरात कोसळतोय. ही व्यवस्था पुढची तीस वर्षं पुरेल का? नाही पुरली तर काय वाढवायचं? भिंत, पंप, की तलाव? इथे अभियंते आहेत, खाडीकाठचे आहेत, परदेशात राहणारे आहेत. बोला.

शंकेखोर | रविवार, ११:०२

नाचता येईना अंगण वाकडं. नाल्यात गाद्या, थर्मोकोल आणि नारळ टाकायचे आणि मग हवामानबदलाच्या नावाने गळा काढायचा. नालेसफाई नीट करा, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. बाकी लेख छान.

अनुजा_नेरुळ | रविवार, ११:१०

वाचतेय. निवटी वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे एकदा जिन्याखाली चिंबोरी सापडली होती, आम्हाला वाटलं कुणाच्या पिशवीतून पळाली.

दिवाळेकर | रविवार, दुपारी १२:४०

मिठागरभाऊ, तुमच्या त्या दारांना आमच्याकडे उघाडी म्हणतात. हॉलंडवाल्यांनी ती आम्हाला शिकवलेली नाही! रायगडपासून इथपर्यंत खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या खारबंदिस्ती होती. मातीचा बांध, बांधात उघाडी, आत भातशेती आणि मिठाची आगरं. आगरी हे नावच आगरावरून पडलं. बांधाला खांड गेली की अख्खा गाव टोपल्या घेऊन धावायचा, कारण एका भरतीत खारं पाणी शिरलं की जमीन दोन-तीन वर्षं पिकायची नाही. आजोबा सांगायचे, उधाणाच्या आधी उघाडीवर माणूस जायचा, फळीखाली काही अडकलंय का ते हाताने चाचपून यायचा. हाताने, बरं का.

आणि अमावास्येच्या बारा वाजता पाणी का चढलं, हे कोळीवाड्यातलं पोरही सांगेल. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत पाणी पोचायला अजून थोडा वेळ लागतो, म्हणजे बाराच्या आगेमागे भरती पूर्ण. तुमचा पाऊस साडेदहाला थांबला, पण दर्याचं घड्याळ वेगळं चालतं. पूर्ण भरतीनंतरही उतरत्या पाण्याला तुमच्या दाराच्या खाली जायला दोन तास हवेतच. सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यावर कुठे तुमचा बोळा निघाला.

मिठागर | रविवार, १:०५

@दिवाळेकर, दंडवत. पाऊणपटीचं ऐकलं होतं, कधी लावून बघितलं नव्हतं. म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवामानखात्याच्या इशाऱ्याबरोबर तिथीही टाकायला हवी.

गणिती | रविवार, संध्याकाळी ६:३०

मी स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. आयुष्यभर पाण्याचे हिशेब केले, त्यामुळे सवयीने कागद घेऊन बसलो. खालचे आकडे तुमच्या तलावाचे नाहीत, समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा १०० हेक्टरचं पाणी एका तलावात येतं. तासात ५० मिमी पाऊस पडला आणि डांबर-काँक्रीटमुळे त्यातला ८० टक्के वाहून आला, तर झाले ४ कोटी लिटर. तलाव ४ हेक्टरचा असेल तर पाणी बरोब्बर एक मीटर चढेल. भरतीमुळे दार चार तास बंद आणि पाऊस त्यातले दोन तास तसाच पडला, तर दोन मीटर. आता याच तलावात मीटरभर गाळ साचलेला असेल, तर पहिल्या तासाचं पाणी ठेवायला जागाच नाही, ते रस्त्यावर राहणार. शंकेखोर म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त त्यांनी नाल्यापाशी थांबू नये. नाला धुऊन पुसून लख्ख केला तर पाणी तुंबलेल्या तलावात अधिक वेगाने येईल, एवढंच.

दुसरं, तुमची निवटी. एक मीटर रुंदीच्या दाराखाली पाच सेंटिमीटरची फट राहिली, समजा एक नारळ किंवा फळी अडकली, आणि बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा मीटरभर वर असलं, तर त्या फटीतून ताशी साधारण पावणेपाच लाख लिटर खाडी आत येते. दारं एकापेक्षा जास्त असतात. पाऊस थांबल्यावरही पाणी का चढत होतं याचं निम्मं उत्तर हे. उरलेलं निम्मं पारसिकच्या डोंगरावरून उशिरा येणारं पाणी.

तिसरं, समुद्र. यात लोक हमखास गल्लत करतात. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, अहवालानुसार १९०१ ते २०१८ मध्ये जगाची सरासरी समुद्रपातळी २० सेंटिमीटर वाढली, आणि २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिमीने वाढत होती. हे ऐकून लोक म्हणतात, वीतभर पाण्याने काय होतंय? घरात वीतभर पाणी येईल असं चित्र डोळ्यासमोर आणतात आणि सोडून देतात. पण या व्यवस्थेत समुद्र आधी वेळ खातो.

भरती-ओहोटीचं एक आवर्तन १२ तास २५ मिनिटांचं. उधाणात पाणी साधारण चार मीटर वरखाली होतं असं धरा. तलावातलं पाणी मध्यपातळीला असेल तर दार आवर्तनात सहा तास उघडं राहतं. तिथे भरतीचा वेग तासाला मीटरभर असतो, म्हणून समुद्र २० सेंटिमीटर वर आला की दार बारा मिनिटं उशिरा उघडतं आणि बारा मिनिटं लवकर मिटतं. गेली चोवीस मिनिटं. चालवून घेऊ.

पण आपले तलाव खोल, सेक्टर खोल. तलाव रिकामा करायला पाणी मध्यपातळीच्या दीड मीटर खाली न्यायचं असेल तर दार उघडं राहण्याचा वेळ मुळातच पावणेतीन तासांच्या आसपास आहे, कारण तिथे ओहोटी मंदावलेली असते. तोच समुद्र २० सेंटिमीटर वर आला की उरतात सव्वादोन तासांहून थोडे कमी. एका ओहोटीमागे चाळीस मिनिटं गेली, म्हणजे जवळजवळ पाव भाग. घरात थेंबही न येता तलावाची ताकद पाव भागाने कमी झाली, आणि हे कुणाला दिसणार नाही. ज्या दिवशी दोन पाऊस पाठोपाठ येतील त्या दिवशी दिसेल.

त्यामुळे तुमच्या 'भिंत, पंप की तलाव' याचं माझं उत्तर: आधी असलेला तलाव परत मिळवा. मग पंप. भिंत सर्वांत शेवटी, कारण भिंत बाहेरचं पाणी अडवते तसं आतलंही अडवते.

शंकेखोर | रविवार, ७:१५

गणितीकाका, हिशेब मान्य. मग गाळ का काढत नाहीत ते पण सांगा. मी सांगतो: तलावात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवलीत. तिवरांना हात लावला की गुन्हा. माणसं बुडाली तरी चालतील, झाडं जगली पाहिजेत.

मीनल_ऐरोली | रविवार, रात्री ८:५०

हे वाक्य येणार हे माहीतच होतं.

मी गेली काही वर्षं खाडीकिनारी कांदळवन (तिवरांचं रान) सफाईला जाते, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. तरीही नीट ऐका. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनं तोडायला आणि त्यात भराव टाकायला मनाई केली, कारण भराव टाकणाऱ्यांनी ताळतंत्र सोडलं होतं. सप्टेंबर २०१८ च्या निकालात ते पक्कं झालं, भोवती ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. सार्वजनिक हिताचं काम असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन करता येतं. म्हणजे दार बंद नाही, ठोठवावं लागतं. ठोठवायला कागद लागतात, मोजणी लागते, बदली लागवडीची जागा लागते. ते कष्ट कुणाला नको असतात, मग झाडांकडे बोट दाखवायचं.

आणि तलावात तिवरं आलीच कशी? तिवरांचं बी भरतीच्या पाण्यावर तरंगत येतं. दारं घट्ट बसत असती तर खारं पाणी आत आलंच नसतं आणि बी रुजलं नसतं. आधी दार गळलं, मग गाळ साचला, मग झाड आलं. आता झाड हे कारण म्हणून सांगितलं जातं.

बाहेरच्या कांदळवनाची गोष्ट पूर्ण वेगळी. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय, दर्जा मिळाला. ते पक्षी बघायला आपण लांब लेन्स घेऊन जातो, पण ज्या झाडीमागून फोटो काढतो ती लाट मोडते, वादळी वाऱ्यात बांधाची माती धरून ठेवते. २०२० चं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूला धडकलं आणि २०२१ चं तौक्ते मुंबईला बगल देऊन गुजरातला गेलं. दर वेळी बगल मिळेलच असं नाही.

शंकेखोर | रविवार, ९:०५

ताई, बाहेरची ठेवा की. मी आतल्यांबद्दल बोलतोय.

मीनल_ऐरोली | रविवार, ९:२०

आतल्यांबद्दल मी तुमच्याशी ऐंशी टक्के सहमत आहे, हे इथे लिहिताना माझ्या ग्रुपमधले चौघं मला ओरडणार आहेत. धारण तलाव पाणी धरायला बांधलाय. पण वीस टक्के भीती कसली ते ऐका. 'तलावातली झाडं काढायला परवानगी' या कागदावर आज गाळ निघतो, उद्या तलावाचा कोपरा भरला जातो, परवा तिथे पार्किंग होतं. तलावाची हद्द आधी खांब रोवून पक्की करा, किती खोल करणार ते लिहून द्या, मग परवानगी मागायला मी तुमच्या शेजारी उभी राहीन.

दिवाळेकर | रविवार, ९:४५

ताई बरोबर बोलल्या. फक्त एक भर. खाडीतच गाळ वाढलाय. वडील ज्या ठिकाणी वल्ह्याने तळ लागत नाही म्हणायचे, तिथे आता सुकतीला बोट चिखलात बसते. डोंगरात दगडखाणी झाल्या, भराव झाले, ती माती शेवटी आमच्या जाळ्यात येते. उघाडीच्या बाहेरच चिखलाचा उंबरा झाला तर दार उघडून तरी पाणी जाणार कुठे?

गणिती | रविवार, १०:१०

@दिवाळेकर, नेमकं. दाराबाहेरचा चर मोकळा नसेल तर माझं वरचं सगळं गणित आशावादी आहे.

रॉटरडॅमचा_जोशी | सोमवार, पहाटे २:१५

धागा वाचून राहवलं नाही. मूळचा ठाण्याचा, नौपाड्यातला. बारा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, पाण्याच्याच क्षेत्रात नाही, पण इथे राहून प्रत्येकाला थोडं पाणी कळायला लागतं.

आधी एक गैरसमज काढतो. 'हॉलंडसारखं करा' असं सगळे म्हणतात आणि डोळ्यासमोर अजस्र दरवाजे आणतात. ते आहेत. १९५३ च्या पुरात इथे १८०० हून अधिक माणसं गेली, त्यानंतर समुद्राला अडवणारी 'डेल्टा'ची कामं झाली, आणि रॉटरडॅमजवळचा सरकता दरवाजा १९९७ मध्ये सुरू झाला. पण ते समुद्री वादळासाठी. रोजचं पाणी छोटे चर, तलाव आणि पंप सांभाळतात. आणि इथे वर्षभरात मिळून साधारण साडेआठशे मिमी पाऊस पडतो. मिठागर यांनी दिलेला सांताक्रूझचा एका दिवसाचा आकडा पुन्हा वाचा. आपल्या पावसापुढे इथलं डिझाइन जसंच्या तसं उचलून चालणारच नाही.

उचलण्यासारखी गोष्ट दुसरीच. इथे पाण्याची वेगळी मंडळं आहेत, काही तेराव्या शतकापासूनची, नगरपालिकांपेक्षाही जुनी. त्यांच्या निवडणुका होतात, आणि त्यांचा कर वेगळा भरावा लागतो. माझ्या घरी बिल येतं तेव्हा मी चरफडतो, पण त्या पैशाला रस्ता किंवा कारंजं करायला हात लावता येत नाही. चरांची तपासणी ठरलेल्या काळात होते, काठावरच्या मालकाने गवत काढलं नसेल तर त्याला पत्र येतं.

रॉटरडॅममध्ये २०१३ पासून एक पाण्याचा चौक आहे. कोरडा असताना पोरं बास्केटबॉल खेळतात, पाऊस आला की तेच मैदान हौद होतं. आपल्याकडे सेक्टरागणिक मैदानं आहेत. ती फूटभर खाली घेतली तर?

सायली_के | सोमवार, सकाळी ८:३०

मैदान फूटभर खाली घेतलं तर पहिल्या पावसानंतर दोन महिने डेंग्यू. क्षमस्व, मी दवाखान्यात काम करते, मला पाणी म्हटलं की डासच दिसतात. :) उतार आणि झडप नीट असेल तर विरोध नाही.

कळव्याची_आजी | सोमवार, ९:००

मुलांनो, नवी मुंबईचं चाललंय म्हणून गप्प होते. आमच्याकडे कळवा, मुंब्रा, दिव्याला तलाव नाही, उघाडी नाही, काही नाही. वरून उल्हास नदी येते, खालून भरती येते, आणि मधे आम्ही. २००५ ला बदलापूर-कल्याणकडचं पाणी दुसऱ्या दिवशी इकडे पोचलं, तेव्हा इथे ऊन पडलं होतं. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरजवळ पाण्यात अडकली, हजारावर माणसं बोटींनी काढली, ते टीव्हीवर बघताना मी ह्यांना म्हटलं, हे पाणी आता आपल्याकडे निघालंय, गाद्या माळ्यावर टाका. टाकल्या. उपयोग झाला.

गणित मला येत नाही. वरच्या गावात धरणाचं पाणी किती, नदी किती चढली, आणि आमच्याकडे भरती किती वाजता, हे तिन्ही एकाच कागदावर कुणी देत नाही. मी तीन ठिकाणी फोन करते.

गणिती | सोमवार, ९:२५

आजी, तुम्ही म्हणताय त्याला आम्ही फार मोठं नाव देतो आणि त्यावर परिषदा भरवतो. तुमचा एका ओळीचा कागद जास्त कामाचा आहे.

तारतंत्री | सोमवार, दुपारी १:३०

विजेचा माणूस आहे. तुम्ही सगळे पाणी कुठून येतं त्यावर बोलताय, मी पाणी आल्यावर आधी काय मरतं ते सांगतो.

तुमची मीटर रूम. जवळजवळ प्रत्येक जुन्या सोसायटीत ती जिन्याखाली किंवा स्टिल्टमध्ये, जमिनीपासून फूट-दीड फुटावर. शेजारी पाण्याचा पंप, त्याचा पॅनल त्याहून खाली. रस्त्यावरची डीपी (वीज वाटपाची पेटी) चौथऱ्यावर असते, पण तो चौथरा रस्ता नवा होता तेव्हाचा. रस्त्यावर थरावर थर चढले, चौथरा तिथेच राहिला. पाणी मीटरला लागायच्या आत पुरवठा बंद करावाच लागतो, नाहीतर माणूस मरतो. पुरवठा बंद म्हणजे लिफ्ट बंद, पंप बंद, दुसऱ्या दिवशी टाकीत पाणी नाही. खारं पाणी लागलं असेल तर वाळवून भागत नाही. मीठ राहतं, महिन्या-दोन महिन्यांनी जोड गंजतो आणि भर उन्हात स्पार्क होतो. मिठागर, त्या रात्रीनंतर तुमचे जोड कुणी तपासले का?

आणि गणितीकाकांचे पंप. पंप विजेवर चालतात. पंपघरात डिझेल जनित्र असेल तर ते कुठल्या उंचीवर आहे हे आधी बघा. मुंबईत हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी मोठी पंपघरं आहेत, ती गरजेचीच. पण छोट्या नोडला (सिडकोच्या वसाहतीला) छोटा पंप देऊन त्याचा पॅनल जमिनीवर ठेवला तर तो उद्घाटनाच्या फोटोपुरता.

मिठागर | सोमवार, १:५०

@तारतंत्री, नाही तपासले. आजच सेक्रेटरीला सांगतो. अंगावर शहारा आला.

बैठंघर | सोमवार, ३:१०

आमचं दुखणं कुणी बोललंच नाही. मी सिडकोच्या बैठ्या घरात राहतो. आजूबाजूला पुनर्विकास सुरू झालाय. नवी इमारत येते ती तीन-चार फूट भराव घालून. त्यांचं बरोबर आहे, त्यांना बुडायचं नाही. पण त्यांचं पावसाचं पाणी उतरून माझ्या अंगणात येतं. काल जो सेक्टर सपाट होता तो आता बशी झालाय आणि बशीच्या तळाशी मी. 'उंच बांधा' हा सल्ला देणाऱ्यांनी शेजारच्याचा उतार कुठे जातो ते पण सांगावं.

पनवेलच्या बाजूचे मित्रही हेच सांगतात. तिकडे विमानतळासाठी डोंगर सपाट झाला, भराव झाला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. काम मोठं, गरज असेल. पण कडेच्या गावातला माणूस भरावाकडे खालून बघतो.

शंकेखोर | सोमवार, ३:४०

बैठंघर यांना +१. हे मला पटलं. माझीच सोसायटी पुनर्विकासाला जातेय आणि आमच्या सभेत जोत्याच्या उंचीवर टाळ्या पडल्या होत्या. शेजारच्या चाळीचं नावही कुणी काढलं नाही, मीही नाही.

अनुजा_नेरुळ | सोमवार, ४:१५

अवांतर: शंकेखोर यांना काहीतरी पटलं. आज पाऊस पडणार.

गणिती | सोमवार, रात्री ९:००

बैठंघर यांच्या मुद्द्यावर सोपा उपाय आहे, अंमल अवघड. जो भराव घालेल त्याने आपल्या आवारात पडलेलं पहिल्या तासाचं पाणी आवारातच धरायचं. टाकी, शोषखड्डा, काहीही. १००० चौरस मीटरच्या प्लॉटवर तासात ५० मिमी म्हणजे ५० हजार लिटर. पाच टँकर. एवढी टाकी तर पोडियमखाली सहज बसते. पर्जन्यजल साठवणीची टाकी कागदावर असतेच, ती पावसाळ्याच्या सुरुवातीलाच भरलेली असते ही अडचण. भरतीच्या आधी ती रिकामी करायची सवय लावावी लागेल. पुन्हा दिवाळेकरांची पाऊणपट.

वेळापत्रकाबद्दलही एक. नालेसफाईची मुदत आपल्याकडे ३१ मे धरतात. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे लाच आला, नोंदी आहेत तेव्हापासूनचा सर्वांत लवकर. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सात टक्के जास्त बाष्प मावतं, ते कधी आणि किती वेळात रिकामं होईल ते ३१ मे ला विचारून होणार नाही.

मिठागर | गुरुवार, रात्री १०:४०

अपडेट. सेक्रेटरी, मी आणि दुसऱ्या विंगमधले दोघे आज ओहोटीला दारांपाशी गेलो. रीतसर विचारून, कुंपणाच्या आत जाऊ दिलं. चार दारं आहेत. दोन नीट हलतात. तिसऱ्याच्या बिजागरीचा गंज इतका की ते धड मिटतही नाही, उघडतही नाही. चौथ्याखाली नारळ नाही, फळी नाही. आख्खं प्लास्टिकचं पिंप अडकलंय, निळं, आपण पाणी भरतो तसलं. गणितीकाका, तुमची पाच सेंटिमीटरची फट किरकोळ निघाली.

ज्या खात्याकडे ते काम आहे तिथे लेखी दिलंय, फोटोसकट. 'यादीत आहे' असं उत्तर मिळालं. कुठल्या यादीत ते विचारायला परत जाणार. तारतंत्री, मीटर रूमचे जोड तपासले, दोन हिरवे पडले होते, बदलले. पॅनल चार फूट वर घ्यायचा ठराव पुढच्या सभेत.

दार मिटल्यावर खाडीचं किती पाणी आत येतं ते बघायचंय. दिवाळेकर, कधी यायचं?

दिवाळेकर | गुरुवार, ११:०५

येती पौर्णिमा, दुपारी बाराच्या आगेमागे. मी येतो. पिंप काढायला दोर लागेल, तो आणतो, पण ते सुकतीला, संध्याकाळी साडेपाच-सहाला. त्यांच्या माणसाला सोबत घ्या, आपण परस्पर हात लावायचा नाही.

सायली_के | गुरुवार, ११:१२

अहो, ती वटपौर्णिमा आहे. बाराला आम्ही अर्ध्याजणी वडाशी असू. मी आणि अनुजा साडेपाचला येतो.

शंकेखोर | गुरुवार, ११:२०

मीपण येतो. चपलेवर चालेल का?

दिवाळेकर | गुरुवार, ११:२१

गमबूट घाला. आणि हाताने चाचपायची तयारी ठेवा.